काकडीचा विमानतळ आणि पर्यावरणाचा खर्च

शिर्डीचा विमानतळ अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातील काकडी गावाच्या शिवारात आहे. शिर्डीपासून तो सुमारे १४ किलोमीटरवर पडतो. गोदावरीच्या कालव्यांनी कोपरगाव-राहाता पट्ट्यात ऊस आणि साखर कारखाने आणले. काकडी मात्र कालव्याबाहेरच्या जिरायत भागातले, पावसाच्या भरवशावर बाजरी पिकवणारे गाव राहिले. याच माळावर सुमारे ४०० हेक्टर जमीन विमानतळासाठी घेण्यात आली.

बांधणीचे काम महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे होते. ही राज्य शासनाची कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. सुमारे ३५० कोटी रुपयांच्या खर्चापैकी ५० कोटी शिर्डीचे मंदिर सांभाळणाऱ्या श्री साईबाबा संस्थानाने दिले, उरलेला भार मुख्यतः राज्याने उचलला. भाविकांच्या दानाच्या हातभाराने धावपट्टी उभी राहण्याचा हा प्रसंग दुर्मीळच म्हणावा लागेल. साईबाबांच्या समाधीच्या शताब्दी वर्षाला जोडून १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तेव्हा धावपट्टी २,५०० मीटर लांबीची होती.

हा पैसा प्रकल्पाच्या उभारणीचा. विमानतळांना पर्यावरणासाठी वेगळे सरकारी अनुदान देण्याची पद्धत भारतात रुजली नाही, येथे वाट मंजुरीच्या अटींची आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार विमानतळ ‘अ’ वर्गात मोडतात आणि त्यांना केंद्राची पर्यावरणीय मंजुरी लागते. पाणी कोठून आणणार, सांडपाण्याचे काय करणार, झाडे किती लावणार याचा आराखडा प्रकल्प उभारणाऱ्यानेच द्यायचा आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरायचा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल सादर करायचा. केंद्राची २०१६ ची ‘उडान’ योजना अनुदान देते खरे, पण ते स्वस्त तिकिटामुळे पडणारी तूट भरून काढण्यासाठी. गोंगाट किंवा धूर कमी करणे हा तिचा हेतू नाही.

अन्य काही देशांनी दुसरा मार्ग धरला. जपानने १९६७ मध्ये विमानांच्या आवाजाविरुद्ध कायदा करून विमानतळाभोवतालच्या इमारती ध्वनिरोधक करण्यास सरकारी साहाय्य सुरू केले. अमेरिकेत १९७९ च्या कायद्याने विमानतळांना आवाजाचे नकाशे व उपाययोजना तयार करण्यासाठी अनुदान मिळू लागले. त्यातून घरांना व शाळांना जाड खिडक्या बसल्या, फार गोंगाटाच्या जागा विकत घेतल्या गेल्या. २००४ पासून तेथे हवेच्या प्रदूषणासाठीही वेगळे अनुदान आहे. विमानतळावरची डिझेल वाहने काढून विजेची आणणे, उभ्या विमानाला इंजिन न चालवता जमिनीवरून वीज पुरवणे, अशा कामांना ते मिळते. त्या अनुदानाचा पैसा मुख्यतः तिकिटावरील करांतून येतो, म्हणजे अखेर प्रवासीच तो भरतो. भार सोसणाऱ्या शेजाऱ्याला उड्डाणाचा लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी, हे त्यामागचे सूत्र आहे आणि ते न्याय्य आहे.

भारतात विमानतळ परिसरासाठी आवाजाची मानके २०१८ मध्ये आली. वर्षाला ५०,००० हून अधिक उड्डाणे-उतरणी असलेल्या गजबजलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० व रात्री ६५ डेसिबल, इतरांसाठी दिवसा ६५ व रात्री ६० डेसिबल अशी ती आहेत. मर्यादा ठरली, पण ती पाळण्यासाठी भोवतालच्या घरांना मदत देणारा निधी तिच्यासोबत आला नाही. काकडीच्या दृष्टीने हा प्रश्न पुढे महत्त्वाचा झाला, कारण २०२३ मध्ये शिर्डीला रात्रीच्या उड्डाणांची परवानगी मिळाली.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ६४५ कोटींहून अधिक खर्चाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी दूरदृश्य प्रणालीद्वारे केली. त्याची रचना साईबाबांशी जोडलेल्या कडुनिंबाच्या झाडाच्या कल्पनेवर बेतलेली आहे. धावपट्टी ३,२०० मीटरपर्यंत वाढवण्याचीही योजना आहे. अशा विस्तारालाही २००६ च्या अधिसूचनेतील मंजुरीची प्रक्रिया लागू होते, आणि तिच्या अटींचा खर्च पुन्हा प्रकल्पाच्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.