एक संगणक, दोन कार्यप्रणाली : ड्युअल बूटचा इतिहास आणि वऱ्हाडातील मराठी लेखन

प्रस्तावना :

संगणक सुरू करताच पडद्यावर 'लिनक्स की विंडोज' असा पर्याय विचारणारी यादी उमटणे, हे दृश्य २००० च्या दशकातील संगणक प्रयोगशाळांना अपरिचित नव्हते. एकाच हार्ड डिस्कवर दोन कार्यप्रणाली नांदविण्याच्या या पद्धतीस 'ड्युअल बूट' म्हणतात. तिच्याकडे सामान्यतः निव्वळ तांत्रिक सोय म्हणून पाहिले जाते. अकोला-अमरावती परिसरातील अध्यापकांच्या दृष्टीने मात्र तिच्यामागे आणखी एक प्रश्न दडलेला होता. तो म्हणजे मराठी मजकूर कोणत्या कार्यप्रणालीत लिहिता आणि वाचता येतो हा. प्रस्तुत लेखात ड्युअल बूटच्या इतिहासाचा या अंगाने विचार केला आहे.

पहिल्या ५१२ बाइट्सची मालकी :

आयबीएमने १९८३ च्या मार्चमध्ये हार्ड डिस्कसह पीसी-एक्सटी हा संगणक आणि त्यासोबत डॉसची दुसरी आवृत्ती बाजारात आणली. (त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. हा केवळ योगायोग होय.) डिस्कचे चार भाग पाडण्याची सोय या डॉसमध्ये होती. डिस्कच्या अगदी आरंभीच्या ५१२ बाइट्सपैकी ४४६ बाइट्स संगणक सुरू करणाऱ्या लहानशा आज्ञावलीसाठी, ६४ बाइट्स चार भागांच्या नोंदींसाठी आणि उरलेले दोन खुणेसाठी, अशी ही वाटणी होती. म्हणजे शेत चौघांना वाटता येई, पण बांधावरचे फाटक एकच होते. जी कार्यप्रणाली शेवटी स्थापित होई, तिच्या हाती त्या फाटकाची किल्ली जाई. विंडोज ही किल्ली कोणालाही न विचारता घेत असे. त्यामुळे 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा क्रम रूढ झाला. हा क्रम चुकल्यास लिनक्स डिस्कवर शाबूत असूनही दिसेनासे होई.

लिनक्सचा जन्मच मुळी दुसऱ्या कार्यप्रणालीच्या शेजारी झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे ते मिनिक्स या प्रणालीच्या आधारे घडविले. मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच 'डायल' करून त्यांनी स्वतःचा मिनिक्सचा भाग नष्ट केला आणि मिनिक्स पुन्हा न घालता लिनक्सवरच राहण्याचा निर्णय घेतला. पुढे लिलो ही निवड-यादी दाखविणारी आज्ञावली आली. परंतु लिनक्सचा गाभा बदलला की ती नव्याने चालवावी लागे. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये आरंभिलेली ग्रब ही आज्ञावली डिस्कवरील फाईल स्वतः शोधू शकत असल्याने ती अडचण दूर झाली.

सीडी, टपाल आणि भारनियमन :

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांत सुरू झाले. त्यानंतरही दूरध्वनीच्या तारेवरून सहाशे-सातशे मेगाबाइट्स उतरविणे जिल्ह्याच्या ठिकाणी अव्यवहार्यच होते. म्हणून लिनक्स सीडीवरून पसरले. 'पीसी क्वेस्ट' हे मासिक अंकासोबत लिनक्सच्या सीडी देत असे. पुढे उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत मागणी नोंदविल्यास टपालाने विनामूल्य घरपोच मिळत. टपाल खात्याने लिनक्सच्या प्रसारास लावलेला हा हातभार संगणकाच्या इतिहासात क्वचितच नोंदविला जातो. मात्र डिस्कचे भाग लहान-मोठे करीत असताना वीज गेल्यास त्यावरील सर्व माहिती धोक्यात येई आणि त्या दशकात महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होते. विभाजनापूर्वी सीडीवर प्रत काढून ठेवणे ही सूचना येथे औपचारिक नव्हती.

लिपीचे विभाजन :

खरा अडसर याहून वेगळा होता. सी-डॅकचे आयएसएम आणि श्रीलिपी यांसारखी मराठी सॉफ्टवेअर विंडोजवर चालत; काहींना संगणकामागे हार्डवेअर लॉकही जोडावे लागे. छपाईसाठी वापरले जाणारे पेजमेकरही लिनक्सवर उपलब्ध नव्हते. शोधनिबंधांसाठी कृतिदेव हा फॉन्ट सर्रास मागविला जाई. त्याची रचना मुळात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविण्याची आहे. 'अकोला' हा शब्द कृतिदेवमध्ये टंकित केला तर संगणकाच्या लेखी तो व्ही, डी, के, एस, वाय, के या सहा रोमन अक्षरांचा समूह असतो. तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कार्यप्रणालीत फाईल उघडताच ही सहा अक्षरे उघडी पडत. तेव्हा संगणकशास्त्राची प्रात्यक्षिके लिनक्समध्ये आणि मराठीचे टंकलेखन विंडोजमध्ये, अशी कामाची फाळणी सोयीची ठरली. डिस्कवर आखलेली रेषा अशा रीतीने भाषेतूनही गेली.

याला पर्याय नव्हता असे नाही. आयएस १३१९४ हे भारतीय लिप्यांचे प्रमाणक १९९१ चे आहे आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी समाविष्ट होती. विंडोज २००० ने तिला आधार दिला, रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त केले. मराठीस आवश्यक असलेले 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर मात्र युनिकोडमध्ये २००८ साली आले. साधने असूनही जुन्या फॉन्टची सवय सुटली नाही. हा दोष कोणत्याही एका कार्यप्रणालीचा म्हणता येणार नाही. फॉन्ट ठरविणाऱ्या सूचना संपादक आणि मार्गदर्शकांच्याच होत्या.

ड्युअल बूटचे तंत्रही पुढे बदलले. २०१२ पासून विंडोज ८ सोबत आलेल्या 'सिक्युअर बूट'ने ५१२ बाइट्सच्या जुन्या वादाला मागे टाकले. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यावर, विंडोज ११ न स्वीकारणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी लिनक्सचा विचार पुन्हा होऊ लागला. मराठी आता दोन्हीकडे सारखीच लिहिता येते. जे लिहून झाले आहे त्याची स्थिती मात्र निराळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी. प्रबंधांच्या संगणकीय प्रती शोधगंगा या संग्रहात जमा होऊ लागल्या. त्यांपैकी कृतिदेवमध्ये टंकित करून थेट पीडीएफ केलेल्या प्रबंधात 'अकोला' हा शब्द देवनागरीत शोधला असता तो सापडत नाही. वर सांगितलेली सहा रोमन अक्षरे टाकून शोधावे लागते.