सॉस गार्डनर : एका कॉर्नरबॅकचे गुणदोष

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्धी वाइड रिसीव्हरला पास झेलू न देणे हे कॉर्नरबॅकचे मुख्य काम. रिसीव्हरला आपला मार्ग आधीच ठाऊक असतो. कॉर्नरबॅकला तो उलट्या पावली धावताना ओळखावा लागतो.

अहमद ‘सॉस’ गार्डनर या कामासाठी जणू घडवलेलाच. उंची सुमारे सव्वासहा फूट, हात लांब, आणि ४० यार्डांची धाव ४.४१ सेकंदांत. सिनसिनाटी विद्यापीठाच्या तीन हंगामांत त्याच्या पहाऱ्यातील रिसीव्हरने एकही टचडाउन झेलला नाही. न्यूयॉर्क जेट्सने २०२२ मध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक, २० पास त्याने रोखले. पदार्पणातच ऑल-प्रोच्या पहिल्या संघात आलेला १९८१ च्या रॉनी लॉटनंतरचा तो पहिला कॉर्नरबॅक.

उणिवा मात्र आहेत. पहिल्या तीन हंगामांत इंटरसेप्शन तीनच. अर्थात हा आकडा फसवा ठरू शकतो : फलंदाज ज्याला जपून खेळतात, त्या गोलंदाजाला बळी कमीच मिळतात, क्वार्टरबॅकही गार्डनरकडे चेंडू टाकणे टाळतात. खरा दोष हातांचा. रिसीव्हरला धरणे नियमबाह्य असते आणि अशा पकडीने प्रतिस्पर्ध्याला आयता फर्स्ट डाउन मिळतो. २०२४ मध्ये त्याचे टॅकलिंगही ढिले पडले.

तरीही जुलै २०२५ मध्ये जेट्सने त्याच्याशी चार वर्षांचा, १२ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि एक रिसीव्हर देऊन त्याला घेतले.