सोयाबीनच्या गोड भावकीची कुळकथा

लातूरकडच्या चाकूरच्या आडतीवर सोयाबीनचा ओलावा आधी बघतात. तेलगिरणीवाल्याचं लक्ष मात्र त्यातल्या १८-२० टक्के तेलावर. हे तेल मुळात साखर असतं. पानात तयार झालेली साखर शेंगेपर्यंत येते, दाण्यात मोडते आणि तिचं तेल होतं. वाटेत एक खंड आहे. दाण्याची साल आईच्या अंगाची, आतला गर्भ पुढच्या पिढीचा. दोघांच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या नसतात. सालीने साखर बाहेर सोडली तरच गर्भाला मिळते. ती सोडणाऱ्या प्रथिनांचं कूळ म्हणजे 'स्वीट'. वोल्फ फ्रॉमर यांच्या प्रयोगशाळेने ते २०१० साली उजेडात आणलं.

सोयाबीनमध्ये या कुळाची पन्नासहून अधिक जनुकं आहेत. एवढी कशी? आपल्याकडे भावकी वाढली की वावराचे तुकडे पडतात. इथे अख्खा सातबाराच, म्हणजे सगळा जनुकसंच, दुप्पट झाला, तोही दोनदा: सुमारे ५.९ कोटी आणि १.३ कोटी वर्षांपूर्वी. सोयाबीनच्या सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांच्या आजही एकाहून अधिक प्रती सापडतात. काही भावंडं निकामी झाली, काहींनी वेगळी कामं धरली.

त्यातली स्वीट १०-अ आणि १०-ब ही जोडी सालीतून साखर सोडते. रानटी सोयाबीन म्हणजे बारीक काळ्या दाण्यांचा वेल. चीनमधल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं टपोरा दाणा बियाण्याला ठेवला, तेव्हा १०-अ चं जोरकस रूप आपोआप निवडलं गेलं, हे तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. तेल वाढलं, प्रथिनं थोडी घटली. त्या शेतकऱ्यांना तेलाचा पत्ताही नसावा! जबलपूरचं जेएस ३३५ असो की परभणीचं एमएयूएस ७१, लातूरकडे पेरलेलं प्रत्येक बियाणं त्याच टपोऱ्या दाण्याच्या वंशातलं.

दुसरं कूळ मात्र खोडकर. ते साखरेला आणखी कड्या जोडून रॅफिनोज आणि स्टॅकिओज बनवतं. वाळताना दाण्याला त्यांचा आधार होतो, पण माणसाच्या आतड्यात त्या तोडणारं विकरच नाही; मग जंतू त्यांवर ताव मारतात आणि पोट फुगतं. एका वाणात रॅफिनोज बनवणाऱ्या जनुकातली तीनच अक्षरं गळालेली सापडली. तेवढ्याने या साखरा खूप घटल्या, साधी साखर वाढली. पैदासकारांना असलं घबाड क्वचितच मिळतं.

मराठवाड्यात सोयाबीन ताटात फारसं येत नाही. तेल निघाल्यावर उरलेली पेंड, म्हणजे डीओसी, कोंबडीखाद्यात जाते, आणि कोंबडीपाशीही ते विकर नसतं.