दसऱ्यानंतरचा गंज

जानेवारीतल्या सकाळी साडेसहाला गाडीच्या टाकीवरून बोट फिरवलं, की बोट ओलं होतं आणि करडंही होतं. दव काय, माझ्या मामाच्या गावी ओतूरलाही पडतं. पण तिथे फडकं फिरवलं की ते नुसतं भिजतं. डोंबिवली पूर्वेला, त्यातून एमआयडीसीच्या अंगाला राहत असाल, तर फडक्यावर डाग उमटतो. कधी राखाडी, कधी पिवळट, आणि एका वर्षी चक्क हिरवा. त्या हिरव्याकडे येतोच.

नोकरी मी बँकेत केली, पण दुचाकीतलं जे काही कळतं ते त्याआधीचं. १९८६ साली अकरावीला होतो. कॉलेज सकाळचं, दुपारी मोकळा. पोरगं उंडारतंय म्हणून बाबांनी मानपाडा रोडवरच्या एका गॅरेजात नेऊन बसवलं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर आणि मिस्त्रीमामा. पहिले सहा महिने मला फक्त चेन धुवायला मिळाल्या. मामा फार बोलायचे नाहीत, पण एकदा एका येझदीचा सायलेन्सर हातात फिरवत म्हणाले, "पावसात गाडी धुतली जाते रे, थंडीत मुरते." लोणचं मुरतं तशी. मला गंमत वाटली, कारण गंज म्हणजे पावसाळा, हेच आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. पण फेब्रुवारी लागला आणि माणसं येऊ लागली. हँडलच्या क्रोमवर पुटकुळ्या, रिमवर पुटकुळ्या. आणि जो तो एकच वाक्य बोलायचा, "दसऱ्याला तर चकचकीत होती हो!"

होतीच. खंडेनवमीला नाहीतर दसऱ्याला सकाळी गाडी धुवायची, हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकू, पुढच्या चाकाशी नारळ. ही रीत घोड्यांकडून आपल्याकडे आली. मराठ्यांची फौज मुलूखगिरीला दसऱ्यानंतर निघायची, कारण पाऊस सरलेला असे आणि नद्यांना उतार मिळू लागे. चार महिने छावणीत बांधलेला घोडा खरारा करून, सजवून बाहेर निघे. त्या चार महिन्यांची काळजी किती बारीक होती ते चिपळूणच्या लष्कराला गेलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात दिसतं. दाणावैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. दिव्याची जळती वात उंदराने पळवली तर गवत पेटेल, इथपर्यंत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. सोसायटीचं कर्ज काढून राजदूत घेणारे माझे बाबा या हिशेबाने शिलेदारच.

घोड्यापुरतं हे वेळापत्रक चोख होतं. संकट पावसाळ्याचं, दसऱ्यानंतर वाट मोकळी. आम्ही ते जसंच्या तसं लोखंडाला लावलं. दसऱ्याला गाडी धुतली की वर्षाचं देणं फिटलं. फार तर दिवाळीच्या पहाटे पुन्हा फडकं फिरायचं, कारण त्या पहाटे फडके रोडवर गणेश मंदिराकडे (हे मंदिर १९२४ सालचं) सगळी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून लोटते, आणि तिथे मळकी गाडी घेऊन जाणं म्हणजे लग्न न ठरण्याची हमी. त्यानंतर मात्र पंचांगात गाडी पुसायला लावणारा एकही दिवस नाही. गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, नऊवारी नेसलेल्या मुली मोटरसायकलवर बसू लागल्या, तेव्हा कुठे पाडव्याच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर रांगा दिसू लागल्या. तोवर दिवाळी ते मे, सगळा हिवाळा धरून, गाडीला पाणी लागायचं ते मुलांच्या पिचकाऱ्यांतलं.

बरं, पूजेतही थोडी खोट होती. माळ हँडलला दोऱ्याने बांधली की ती सुकून, कुजून आपोआप पडेपर्यंत काढायची नाही, काढली तर अपशकुन. नारळाचं पाणी रिमवर उडालं की तिथेच वाळायचं. मामा डिसेंबरात गाडी बघून सांगायचे, माळ इथे होती, नारळ इथे फोडला.

आता डोंबिवलीचं लोखंड एवढं नाजूक का? आजीच्या तोंडी चोळ्याचं पॉवर हाऊस असायचं. रेल्वेला वीज द्यायला ठाकुर्लीजवळ १९२९ साली सुरू झालेलं, कोळशावरचं. वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसली की ती त्या धुरांड्याच्या दिशेने बघून पुटपुटायची. साठच्या दशकात एमआयडीसी आली. रंग, रंगांसाठी लागणारी रसायनं, कापडाचं प्रोसेसिंग. बाबा तिथल्याच एका कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांच्या खात्यातल्या सगळ्यांच्या गाड्या एका शेडमध्ये उभ्या राहत, आणि मामा अशी गाडी लांबून ओळखत. स्पोकवर तांबडं, इंजिनच्या कव्हरवर पांढरी भुकटी, हॉर्नच्या वायरींना हिरवं. लोखंड, अॅल्युमिनियम आणि तांबं, प्रत्येकाने आपापला रंग काढलेला. "आलं बघ झेंडावंदन," असं म्हणून ते पाना उचलायचे. पगार देणारी कंपनीच गाडी खाते हे बाबांना कळत होतं. पण ते कंपनीला कधी बोलले नाहीत, मला बोलायचे, की तू नीट पुसत नाहीस.

मामांचं ते मुरण्याचं शास्त्र मला फार उशिरा, बँकेतल्या एका सायन्सवाल्या मित्राकडून कळलं. व्हर्नन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२० आणि ३० च्या दशकांत लोखंडाचे तुकडे वेगवेगळ्या हवेत ठेवून पाहिले होते. स्वच्छ हवा कितीही दमट असली तरी गंज बेताचाच. पण त्याच हवेत गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, अगदी चिमूटभर मिसळला आणि हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेली, की गंज एकदम उसळी घेतो. त्याच्याही आधी, १८५२ मध्ये, रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने मँचेस्टरच्या पावसात आम्ल मोजलं होतं. गिरण्यांचं, रंगाऱ्यांचं शहर ते. तिथलं पाणी लोखंड खातं आणि रंगवलेलं कापड विटवतं असं त्याने लिहून ठेवलं. रंगाऱ्यांच्या गावात रंग विटतो, हे वाचून मला आमची शेड आठवली.

आणि हिवाळाच का, तर हवा हलत नाही म्हणून. रात्री जमीन लवकर गार होते, तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते, वर त्यापेक्षा उबदार हवेचं झाकण बसतं. धुरांड्यातून निघालेलं सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. डिसेंबरात पहाटे घर्डा सर्कलपाशी नाकाला रुमाल लावावा लागतो तो यामुळे. मध्यरात्रीनंतर दव पडतं, ते हा सगळा मसाला विरघळवून टाकीवर, स्पोकवर बसतं. ऊन आलं की पाणी उडून जातं, मसाला मागे राहतो. दुसऱ्या रात्री पुन्हा दव. पावसाळ्यात निदान सर आली की जुनं वाहून तरी जातं. (पाऊस साधू आहे असं नाही. बजाज स्कूटरच्या रबरी मॅटखाली पाणी साचून तळाचा पत्रा किती जणांचा सडला ते मी डोळ्यांनी पाहिलंय.) क्रोमचा तर थर असतो तरी किती? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला जेमतेम अर्धा. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खाली निकेल, त्याखाली लोखंड. त्या भेगांतून ओल उतरते, म्हणून क्रोमवरचा गंज पसरट येत नाही, पुटकुळीसारखा आतून फुटतो.

इंग्लंड-युरोपात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथले मोटरसायकलवाले थंडीभर त्या मिठाशी भांडतात. आमच्या रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही. ते वरून येतं.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक वसाहतींना गुण दिले, तेव्हा सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित असा हिशेब होता आणि डोंबिवलीला ७८ च्या वर मिळाले. गुण जास्त म्हणून पेढे वाटता येत नाहीत अशी ती यादी. मग २०१४ चा जानेवारी. अवेळी पाऊस पडला आणि हिरवा पडला. सकाळी खाली उतरलो तर माझ्या स्प्लेंडरच्या काळ्या टाकीवर हिरवट थेंब सुकलेले, सीटच्या शिवणीत तर पोपटी रेघ. शेजारचे काका पांढरा शर्ट घालून स्टेशनला निघाले होते, ते घरी परतून निळा घालून आले. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तो बघायला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः आले. मी त्या रस्त्यावरून गाडी घालून घरी आलो तेव्हा मडगार्डच्या आतली कड गुलाबी झाली होती. ती बरेच दिवस तशीच ठेवली. बायको म्हणाली, पुरावा म्हणून ठेवलाय का? खरं तर कंटाळा आला होता.

या सगळ्यावर मामांचा उपाय होता तो असा. थंडीत दर आठवड्याला एक बादली साधं पाणी. साबण नको, शॅम्पू नको, पाईप तर नकोच (आमच्या सोसायटीत पाण्याची एवढी बोंब, की पाईप लावणाऱ्याचं नाव फळ्यावर लागायचं). दव पडलेलं असतानाच, उन्हं यायच्या आत पाणी ओतायचं, म्हणजे रात्रीचं बसलेलं सुकून चिकटायच्या आधी जातं. मग जुन्या बनियनने पुसायचं आणि क्रोमवर बोटभर खोबरेल पसरवायचं. धूळ चिकटते, गाडी कळकट दिसते, पण पुटकुळ्या येत नाहीत. चकचकीत ठेवायची की टिकवायची, आधी ठरव, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचे. बहुतेक गिऱ्हाइकं चकचकीत म्हणायची आणि ब्रासो घासून उरलंसुरलं क्रोमही काढून टाकायची.

चेनसाठी रॉकेल. रेशनवरचं, निळ्या रंगाचं. घरी स्टोव्हला पुरत नाही म्हणून आई बाटली लपवायची आणि मी शोधून काढायचो. ताटलीत रॉकेल ओतून जुन्या टूथब्रशने एकेक कडी घासायची, ताटलीतलं निळं हळूहळू काळं होताना बघत बसायचं, मग चेन खिळ्याला टांगून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी नव्वद नंबरचं ऑइल. गरीब माणूस गॅरेजातलं जळकं ऑइलच लावायचा. स्प्लेंडरला चेन झाकणारं पूर्ण पत्र्याचं कव्हर आलं आणि ही विद्या निम्मी मेली. पुढे घरोघरी गॅस आला, रेशनचं रॉकेल दिसेनासं झालं आणि उरलेली निम्मीही गेली. आता स्प्रेचा डबा मिळतो. डब्याच्या किमतीत आईचा महिन्याचा स्टोव्ह चालला असता.

एक चूक मात्र मी मामांना न विचारता केली. १९९६ साली नवी स्प्लेंडर घेतली आणि हौसेने प्लॅस्टिकचं कव्हर आणलं. रोज रात्री लेकराला पांघरूण घालावं तसं घालायचो. फेब्रुवारीत शेजारच्या, उघड्यावर उभ्या असणाऱ्या गाडीपेक्षा माझीच जास्त गंजलेली! मामा तेव्हा थकले होते, शेडबाहेर खुर्ची टाकून बसायचे. त्यांनी कव्हर उलटं करून आतून हात फिरवला आणि ओला तळवा मला दाखवला. त्या तळव्याचा अर्थ एवढाच: दव अडतंय कुठे, ते आतच बसतंय, आणि सकाळी तू ते न वाळवता नऊ वाजेपर्यंत गाडीला चिकटवून ठेवतोस. बोलले काही नाहीत, तळवा माझ्या शर्टला पुसला.

तसं डोंबिवलीकराची गाडी चालते कमी आणि उभीच जास्त राहते. घर ते स्टेशन दोन-तीन किलोमीटर, मग तिकडे लोकल मुंबईला आणि इकडे गाडी पे अँड पार्कमध्ये बारा तास. इंजिन पुरतं तापतही नाही, सायलेन्सरमध्ये तयार झालेलं पाणी तिथेच राहतं. म्हणून आमच्याकडचे सायलेन्सर बाहेरून जेवढे, तेवढेच आतूनही सडतात. रविवारी सकाळी मामा आम्हाला उगाच कल्याण-शीळ रोडने पलाव्याच्याही पुढे पिटाळायचे, पाणी जाळून या म्हणून. तेव्हा पलावा ही टाउनशिप नव्हती, भातशेती होती. आता त्या रस्त्यावर इंजिन तापतं खरं, पण जागच्या जागी.

गेल्या वर्षी मुलीने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. चेन नाही, सायलेन्सर नाही, क्रोमही नाही. "बाबा, यात गंजायला काही ठेवलंच नाहीये त्यांनी." मी काही बोललो नाही. परवा सकाळी ती हेल्मेट शोधत असताना खाली उतरलो. ढगाळलेला आरसा, सीटवर तेच करडं दव. पुढच्या चाकाशी वाकून बघितलं, तर डिस्कवर केशरी पापुद्रा धरलेला, एका रात्रीतला. तिला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "रोज असतो. कोपऱ्यावर पहिला ब्रेक मारला की जातो," आणि बाहीने आरसा पुसून निघाली.