कॉलेजची फी आणि सवलत : प्रवेशाआधी काय तपासावे?

बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला प्रवेश घेताना अनेक पालक फक्त फीचा आकडा पाहतात. पण फी माफ होणार की नाही, हे बऱ्याचदा प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला यावर ठरते.

सवलत किती?
महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास पात्र विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे.

कोणाला मिळत नाही?
प्रवेश कॅप राउंडमधूनच हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था स्तरावरील प्रवेशाला ही सवलत नाही. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. म्हणजेच एकाच वर्गातल्या दोन मुलींपैकी एकीला माफी मिळते, तर दुसरीला पूर्ण फी भरावी लागते.

घरून काय भरावे लागते?
‘१०० टक्के’ म्हणजे सगळा खर्च नव्हे. विकास शुल्क, होस्टेल, मेस, पुस्तके यांची तरतूद वेगळी करावी लागते. त्यासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून शैक्षणिक कर्जासाठी अर्ज करता येतो.

अर्ज कुठे?
महाडीबीटी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल आणि आधारशी जोडलेले बँक खाते आधीच तयार ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरू नका.