सावकाराच्या वहीपासून बचत गटाच्या वहीपर्यंत

आष्टीच्या बाईला कर्ज ही गोष्ट कधीच नवी नव्हती. पाऊस बेभरवशाचा आणि जमीन बहुतांशी हलकी, अशा या तालुक्यात बी-भरणासाठी, लग्नकार्यासाठी, आजारपणासाठी कर्ज हे घरात आलेलेच असे. नवी आहे ती आपल्या हातातली हिशेबाची वही. आजवर ती वही कोणाकोणाच्या हाती होती हे थोडक्यात पाहिले, म्हणजे बचत गटाने व लघुकर्जाने खेड्यातील स्त्रीला काय दिले, हे सहज ध्यानी येईल.

प्रथम ती सावकाराच्या हाती होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि हां हां म्हणता हे लोण आपल्या शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात पोचले. लोकांचा रोख माणसांपेक्षा सावकारांच्या खतांवर व वह्यांवर होता. जागोजाग त्यांनी त्या हिसकावून जाळल्या. आपल्याला वाचता न येणारा कागदच आपली जमीन गिळतो, हे त्यांनी ओळखले होते. १८७९ मध्ये इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. परंतु तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. आष्टी निजामाच्या मुलखात. १९४८ पर्यंत आपली गावे त्याच राज्यात राहिली.

१९०४ च्या कायद्याने देशात सहकारी पतपेढ्यांचा पाया घातला गेला आणि पुढे गावोगाव सोसायट्या निघाल्या. हे मोठेच काम झाले. पण सोसायटीचे कर्ज जमिनीवर मिळे आणि जमीन असे पुरुषाच्या नावावर. निंदणी-खुरपणी करणारी, दावणीची जनावरे सांभाळणारी बाई सोसायटीच्या दप्तरात सहसा कोठेच नव्हती.

आपल्या बीड जिल्ह्यात कर्जाचे आणखी एक रूप आहे, ते म्हणजे मुकादमाची उचल. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. म्हणजे बाई धरली जाते अर्धा कोयता. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. हंगामात उचल फिटली नाही तर उरलेला बोजा पुढच्या वर्षावर जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला व सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. खाडा परवडत नाही, ही धास्ती त्या दुःखाच्या मुळाशी होती. दुसऱ्याच्या वहीतले कर्ज बाईच्या देहापर्यंत कसे पोचते, याचा याहून कठोर दाखला तो कोणता?

या काळोखात वाट निघाली ती बायकांच्या जुन्याच सवयीतून. भिशी आपल्याला ठाऊक आहे. तिला नवे वळण मिळाले. १९७४ मध्ये श्रीमती इलाबेन भट्ट यांच्या पुढाकाराने अहमदाबादेत कष्टकरी स्त्रियांची ‘सेवा’ बँक निघाली. १९७५ मध्ये मुंबईत श्रीमती प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याच वर्षी आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला आणि गटाची वही पाहून, गहाण न घेता, बँका कर्ज देऊ लागल्या. २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने हे काम आपल्या राज्यात अधिक पसरविले.

याचा हिशेब सोपा आहे. बारा जणींनी दरमहा शंभर रुपये टाकले तर वर्षाचे १४,४०० होतात. त्यातून कोणी शेळी घेते, कोणी शिवणयंत्र, तर कोणी मुलीची फी भरते. व्याज शेकडा दोन ठरले तरी ते गटातच राहते. सावकाराचे व्याज घरातून जात असे. हे व्याज पुन्हा आपल्याच पेटीत येते.

पण पैशापेक्षा मोलाची आहे ती वही. आपल्यासारख्याच दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. संस्थापक बायकांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. बायका अक्षरे गिरवू लागल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो. ही हकीकत श्रीमती चेतना सिन्हा यांनी स्वतः सांगितली आहे. हिशेब बायकांना पूर्वीपासून येतच होता. तो लिहून ठेवण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता.

येथे एक धोक्याची सूचना द्यावयास हवी. आता खाजगी कंपन्याही बायकांचे गट करून कर्ज देतात. बचत नाही, सभा नाही, केवळ हप्ता. एका घरी तीन-तीन कंपन्यांचे हप्ते साचले की बाई पुन्हा दुसऱ्याच्या वहीत अडकते. २०१० मध्ये आंध्रात अशा कर्जांनी हाहाकार उडाला व तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की, अशा घराचे सर्व हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, या कर्जाला तारण घेऊ नये आणि मुदतीआधी फेडल्यास दंड लावू नये. हे नियम प्रत्येक भगिनीस माहीत असावेत. तसेच कर्ज बाईच्या नावे आणि खर्च मालकाच्या मर्जीने, असेही पुष्कळ घरी घडते. त्याला सबलीकरण म्हणता येणार नाही.

म्हणून मंडळाच्या भगिनींना एवढीच विनंती की, गटाची वही अध्यक्ष-सचिवांपुरती ठेवू नये. दरमहा सभेत ती मोठ्याने वाचावी, प्रत्येकीने आपल्या नावापुढचा आकडा बोट ठेवून पाहावा व जिला वाचता येत नसेल तिला शेजारणीने शिकवावे. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात लोकांनी वह्या जाळल्या. आपण आपली वही जपावी, वाचावी आणि लेकीसुनांच्या हाती स्वच्छ हिशेबासह द्यावी.