स्फटिकांतील केश

सुरत हें नांव उच्चारलें कीं मराठी वाचकास इ. स. १६६४ आणि १६७० हीं दोन सालें आठवतात. शिवछत्रपतींनीं ज्या शहरावर दोन वेळां स्वारी केली, त्याच्या वैभवांत कापड, नीळ आणि चांदी यांच्याबरोबर रत्नांचाहि वांटा होता. आज जगांतील बहुतेक हिऱ्यांना याच शहरांत पैलू पाडले जातात. रत्नाचा दोष कशास म्हणावें, हा विचार करण्यास याहून योग्य स्थळ नाहीं. त्यास निमित्त मात्र हिऱ्याचें नसून एका अल्पमोली खड्याचें आहे.

हातानें घडविलेल्या अलंकारांत हल्लीं एक स्फटिक वारंवार दिसतो. तो पाण्यासारखा स्वच्छ असतो. पण त्याच्या पोटांत सोनेरी किंवा तांबूस सुया, जणूं केंस, आडव्यातिडव्या पसरलेल्या असतात. या सुया रुटाइल नामक खनिजाच्या होत. टायटॅनियम धातु आणि प्राणवायु यांच्या संयोगानें तें बनतें, आणि तांबूस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास हें नांव मिळालें. भूगर्भांतील उष्ण, खनिजयुक्त पाण्यांतून स्फटिक वाढत असतां आधीं तयार झालेल्या सुया त्याच्या आंत कायमच्या कोंडल्या जातात. हें टायटॅनियम आपणांस अगदींच परकें नव्हे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंत तें इल्मेनाइट या दुसऱ्या खनिजाच्या रूपानें आढळतें. केशयुक्त स्फटिक मात्र बाजारांत मुख्यतः ब्राझील देशांतून येतो.

आमच्या रत्नशास्त्राची या केंसांविषयींची दृष्टि कठोर होती. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत हिऱ्याची परीक्षा सांगितली आहे. कावळ्याच्या पावलासारखी खूण आणि माशीसारखा डाग यांच्याच पंक्तीस त्यानें केश बसविला असून असा हिरा अशुभ मानला आहे. सतराव्या शतकांत तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेस उतरून दक्षिणेंतील खाणींपर्यंत गेला. तेथील कारागीर निर्मळ हिऱ्यास चाकावर जेमतेम टेकवीत. पण आंत डाग वा कण दिसल्यास तो झांकण्यासाठीं सर्व अंगास पैलू पाडीत, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. आजचा सुरतेचा पारखी दसपट मोठें दाखविणाऱ्या भिंगांतून तेंच पाहतो, आणि केंसाएवढ्या रेषेनेंहि हिऱ्याची किंमत उतरते.

मग जें हिऱ्यास लांछन तें स्फटिकास भूषण कां व्हावें? हिऱ्याचें सारें मोल त्याच्या प्रकाशांत आहे. त्या प्रकाशाच्या वाटेंत जें येईल तो दोष. साधा स्फटिक विपुल, आणि म्हणून स्वस्त. एक निर्मळ तुकडा दुसऱ्यासारखाच. पण केंसांची रचना दोन खड्यांत सारखी सांपडत नाहीं. त्यास स्वतःचा चेहरा येतो तो त्या केंसांमुळेंच. आपल्या देवघरांतील पंचायतन पाहा. सूर्याचा म्हणून स्वच्छ स्फटिक पूजिला जातो, आणि शेजारींच नर्मदेंतील बाण असतो. त्या बाणावरील पट्ट्यांना कोणी डाग म्हणत नाहीं. उलट भाविक जन त्यांत यज्ञोपवीत पाहतात.

ही दृष्टि सुरतेच्या परिसरांत जुनी आहे. शहराच्या उत्तरेस राजपीपळ्याकडील रतनपूरच्या खाणी आहेत. तेथला अकीक, म्हणजे स्फटिकाच्याच कुळांतील दगड, खंबायतेस घडविला जातो. त्याहि पलीकडे लोथल येथें हडप्पाकालीन मणी घडविण्याचा कारखाना उत्खननांत सांपडला आहे. खाणींतला अकीक उन्हांत वाळवावा, मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या आंचेवर तापवावा म्हणजे तांबडा रंग खुलतो. मग जमिनींत रोंवलेल्या लोखंडी खिळ्यावर टेकवून शिंगाच्या हातोडीनें त्यास आकार द्यावा, अशी ही विद्या. याच जातीच्या कांहीं दगडांत लोह व मँगेनीज यांच्या शिरकावानें काळ्या-तांबूस झाडाझुडपांचीं चित्रें उमटतात, आणि तींच त्यांचें मोल ठरवितात. खंबायतेचें आखात गाळानें भरत गेल्यावर मोठीं जहाजें सुरतेकडे वळलीं, आणि मुघल अमदानींत हा माल सुरतेच्या बंदरांतून बाहेर जाऊं लागला. सुरतेचा तांबड्या समुद्रावरील मोखा बंदराशीं मोठा व्यापार होता; वृक्षचित्रांच्या अकीकास युरोपांत त्या मोखाचेंच नांव चिकटलें. पिकविणाऱ्या भूमीचें नांव मात्र खड्याबरोबर गेलें नाहीं.

भूमीचें नांव गेलें तसेंच घडविणाराचेंहि विसरलें गेलें. अकीक काय, स्फटिक काय, दोन्ही सिलिका. तो कोरडा घासतांना जी बारीक धूळ उडते ती श्वासाबरोबर छातींत जाऊन बसते आणि फुप्फुसांचा दगड करते. सिलिकोसिस असें त्या रोगाचें नांव. तो बरा होत नाहीं, आणि क्षयास वाट करून देतो. खंबायतेच्या अकीक कारागिरांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो, हें अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें तपासणी करून दाखविलें आहे. धंदा बहुतांशीं घरोघर चालत आल्यामुळें घासणाराच्या शेजारीं बसलेलीं बायकामुलेंहि त्या धुळींतून सुटत नाहींत. उपाय अवघड नाहींत: दगड पाण्यानें ओला ठेवून घासणें आणि धूळ ओढून घेणारें यंत्र बसविणें. त्यांस खर्च येतो, आणि तो सोसण्यास माळ विकत घेणारानें दोन पैसे अधिक मोजावे लागतात.

आपल्या घरीं स्फटिकाची जपमाळ असते, अकीकाची अंगठी असते. विकत घेतांना आपण ती उजेडाकडे धरून पाहतों. केंस दिसला तर कोणी नाक मुरडतो, कोणी हौसेनें तोच खडा उचलतो. तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण मणी कोणीं घासला आणि घासतांना त्याच्या छातींत काय गेलें, हें विचारण्याची चाल आपल्यांत अद्याप पडलेली नाहीं. वराहमिहिराच्या दोषांच्या यादींत हा दोष नव्हता; आपल्या यादींत तो यावयास हवा.